अंकल टॉम्स केबिन

अंकल टॉम्स केबिन : अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टो (१८११–९६) हिची गुलामगिरीविरोधी कादंबरी. शीर्षकाचा अर्थ ‘टॉमकाकाची झोपडी’. ‘दीनांमधील जीवन’ अशा अर्थाचे उपशीर्षक तिला आहे. ‘नॅशनल इरा’ ह्या वॉशिंग्टनहून निघणाऱ्या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकातून ती ५ जून १८५१ ते १ एप्रिल १८५२ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि शेवटचा हप्ता येण्यापूर्वीच, २० मार्च १८५२ रोजी, बॉस्टनचा प्रकाशक जॉन पी. ज्यूइट ह्याने ती दोन खंडांत ग्रंथरूपाने काढली. पहिल्या वर्षात अमेरिकेत तिच्या सु. तीन लाख प्रती खपल्या. ब्रिटनमधील खप त्याहूनही मोठा होता; मात्र दोन्ही देशांत परस्परांच्या लेखकांच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे त्यातील फारच थोडा पैसा लेखिकेच्या हाती आला. एकोणिसाव्या शतकात इतका दूरवर वाचला गेलेला आणि विसाव्या शतकात इतका कमी लेखला गेलेला दुसरा अमेरिकन ग्रंथ दाखविणे कठीण आहे.

शीर्षकातील ‘अंकल’ हे संबोधन आपल्याकडील ‘काका’सारखे घरोब्याचे नाही. दक्षिणेतील गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीयास ‘मिस्टर’ म्हणण्याचे टाळीत. त्याऐवजी पुरुषास ‘अंकल’ व स्त्रीस ‘आंट’ म्हणण्याची रीत होती. नाते देऊन मान नाकारण्याची ही रीत लेखिकेने शीर्षकातच स्वीकारली आहे.

ह्या कादंबरीविषयी दोन मते रूढ झालेली आहेत. पहिले असे, की तिने अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–६५) घडवून आणले. १८६२ मध्ये भेटीस आलेल्या स्टोला उद्देशून अध्यक्ष एब्राहम लिंकन ह्याने तशा अर्थाचे उद्गार काढल्याची आख्यायिका ह्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. भेट झाली हे खरे. परंतु त्या उद्गारांना समकालीन पुरावा नाही आणि ते छापील स्वरूपात आढळू लागतात, ते लेखिकेच्या मृत्यूच्या सुमारास. दुसरे मत असे, की ही एक अश्रुपाती प्रचारकथा असून वाङ्मय म्हणून तिचा विचार करण्याचे कारण नाही. ही दोन्ही मते कादंबरी बाजूला ठेवून तिच्या कीर्तीविषयी बोलतात. प्रत्यक्षात ही कादंबरी जितकी अश्रूंची आहे, तितकीच कागदपत्रांचीही आहे. खरेदीखत, कर्जरोखा, बक्षीसपत्र, न लिहिले गेलेले मुक्तिपत्र ह्यांभोवती तिच्यातील प्रत्येक आपत्ती फिरते. रोगाचे निदान करताना लेखिकेची नजर कायद्यावर असते. उपाय सांगताना मात्र ती कायदा विसरते आणि अंतःकरणावर विसंबते. तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा ह्या दोहोंचे मूळ ह्या विसंगतीत आहे.

ही विसंगती समजण्यासाठी कादंबरीमागील भूगोल प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझिआनाचा विस्तीर्ण प्रदेश खरेदी करण्यात आला. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात कापसाचे मळे पसरू लागले. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी झाल्यामुळे ह्या मळ्यांना लागणारे हात देशातूनच मिळविणे भाग होते. व्हर्जिनिया, मेरिलंड, केंटकी ह्यांसारख्या जुन्या राज्यांतील जमीन तंबाखूने थकली होती आणि तेथील मालकांपाशी विकण्यासारखी एकच वस्तू वाढत होती, ती म्हणजे माणसे. १७९० ते १८६० ह्या काळात सु. दहा लाख गुलाम जुन्या राज्यांतून नव्या कापूसप्रदेशात गेले. काही स्थलांतर करणाऱ्या मालकांबरोबर, तर काही व्यापाऱ्यांच्या साखळीने बांधलेल्या तांड्यांतून. केंटकीतील गुलामांच्या दृष्टीने ‘नदीच्या खालच्या अंगाला विकले जाणे’ ह्याचा अर्थ बायकामुलांपासून कायमची ताटातूट असा होता. १८६० च्या जनगणनेत देशातील गुलामांची संख्या ३९,५३,७६० भरली. राष्ट्राचा विस्तार आणि गुलामगिरीचा विस्तार ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

टेक्ससचे विलीनीकरण (१८४५) आणि मेक्सिकोशी झालेले युद्ध (१८४६–४८) ह्यांमुळे प्रश्न अधिकच तीव्र झाला : जिंकलेली भूमी मुक्त राहणार, की गुलामांची होणार ? १८५० च्या तडजोडीने कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून संघात आले. त्याच्या मोबदल्यात दक्षिणेला पळपुट्या गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला. ह्या कायद्यान्वये पकडलेल्या व्यक्तीस ज्यूरीपुढे चौकशी नव्हती आणि स्वतःची साक्ष देण्याचा अधिकारही नव्हता. तिला मालकाच्या हवाली करणाऱ्या आयुक्तास दहा डॉलर व सोडून देणाऱ्यास पाच डॉलर शुल्क मिळे. पळालेल्यास आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकत असे. गुलामगिरी ही दक्षिणेची घरगुती बाब आहे असे मानून स्वस्थ बसलेल्या उत्तरेतील गृहस्थाच्या दारात हा कायदा येऊन उभा राहिला. कादंबरीचे तात्कालिक कारण तोच.

दुसरी पार्श्वभूमी धार्मिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथांत धर्मजागृतीची मोठी लाट आली. चार्ल्स फिनीसारख्या प्रवचनकारांच्या मेळाव्यांतून हजारो लोकांचे ‘मनःपरिवर्तन’ झाले. मनुष्य जन्मतः पापी असून त्याची गती ईश्वराने आधीच ठरविलेली आहे, ही जुनी कॅल्व्हिनवादी धारणा शिथिल होऊन, पाप हे इच्छेचे कर्म आहे आणि ते ह्याच क्षणी सोडता येते, असा विश्वास रूढ झाला. मद्यपाननिषेध, तुरुंगसुधारणा, स्त्रीशिक्षण, परदेशी मिशने ह्या सर्वांना त्यातून चालना मिळाली. गुलामगिरी हे पाप असेल, तर ते क्रमाक्रमाने नव्हे, तात्काळ सोडले पाहिजे, हा निष्कर्षही त्यातूनच निघाला आणि १८३३ मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली. परंतु धर्म एकाच बाजूस होता असे मात्र नाही. नोहाने कनानला दिलेला शाप आणि पॉलचे फिलेमोनास पत्र ह्यांचा आधार घेऊन दक्षिणेतील धर्मोपदेशक गुलामगिरीचे समर्थन करीत होते. ह्याच प्रश्नावर मेथडिस्ट पंथ १८४४ मध्ये व बॅप्टिस्ट पंथ १८४५ मध्ये दुभंगला. संघराज्य फुटण्यापूर्वी सोळा-सतरा वर्षे चर्च फुटले होते.

स्टोचा जन्म ह्या धर्मजागृतीच्या घरातच झाला. तिचा पिता लायमन बीचर हा तत्कालीन प्रख्यात धर्मोपदेशक होता. १८३२ मध्ये सिनसिनॅटी येथील लेन धर्मविद्यालयाचा प्रमुख म्हणून तो गेला, तेव्हा हॅरिएटही कुटुंबाबरोबर तेथे गेली. नदीच्या ह्या तीरावर ओहायओ हे मुक्त राज्य, तर पलीकडे केंटकीत गुलामगिरी. १८३४ मध्ये थीओडोर वेल्डच्या नेतृत्वाखाली लेनच्या विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर अनेक रात्री जाहीर वाद घातला आणि विश्वस्तांनी निर्बंध लादताच बहुतेकांनी विद्यालय सोडले. लायमन बीचर मध्यममार्गी होता. मुक्त गुलामांना आफ्रिकेत पाठवावे, ह्या योजनेकडे त्याचा कल होता. पित्याची ही तडजोड आणि विद्यार्थ्यांचे हे बंड, ही दोन्ही मुलीच्या कादंबरीत पुढे शेजारीशेजारी नांदताना दिसतात. १८३६ मध्ये तिने कॅल्व्हिन स्टो ह्या बायबलच्या प्राध्यापकाशी विवाह केला. १८४९ च्या पटकीच्या साथीत तिचे तान्हे मूल दगावले. विक्रीमुळे मुलाला मुकणाऱ्या गुलाम मातेचे दुःख आपल्याला त्या वेळी कळले, असे तिने पुढे पत्रातून सांगितले आहे. १८५० मध्ये हे कुटुंब मेन राज्यातील ब्रन्झविक येथे गेले व तेथे ही कादंबरी लिहिली गेली. लुइझिआना तिने पाहिलेला नव्हता. वेल्डने दक्षिणेतील वृत्तपत्रांच्या जाहिराती व साक्षी संकलित करून काढलेला ग्रंथ (१८३९), जोसाया हेन्सन ह्या कॅनडात पळून गेलेल्या गुलामाचे आत्मवृत्त (१८४९) आणि सिनसिनॅटीत ऐकलेल्या हकीगती ही तिची मुख्य सामग्री होती.

कथेला दोन दिशा आहेत. केंटकीतील शेल्बी हा सुस्वभावी जमीनदार कर्जात बुडतो. त्याचे रोखे हेली ह्या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती गेलेले असल्यामुळे आपला विश्वासू कारभारी गुलाम टॉम आणि इलायझा ह्या दासीचा लहान मुलगा हॅरी ह्यांना तो विकतो. इलायझा मुलाला घेऊन रात्रीच पळते, ओहायओ नदीतील तरत्या हिमखंडांवरून उड्या मारीत पैलतीर गाठते आणि क्वेकर पंथीयांच्या साह्याने, पती जॉर्ज हॅरिस ह्याच्यासह कॅनडाला पोहोचते. टॉमचा प्रवास उलट दिशेने होतो. मिसिसिपीवरील आगबोटीत तो ईव्हा ह्या बालिकेला बुडताना वाचवितो व तिचा पिता ऑगस्टीन सेंट क्लेअर त्याला विकत घेतो. न्यू ऑर्लीअन्समधील ह्या सुखवस्तू घरात ईव्हाचा मृत्यू होतो. नंतर एका भांडणात मध्ये पडलेला सेंट क्लेअरही अचानक मारला जातो आणि त्याची पत्नी मारी गुलामांना लिलावात काढते. रेड नदीकाठच्या सायमन लेग्री ह्या क्रूर मळेवाल्याच्या हाती टॉम पडतो. एका दुबळ्या स्त्रीला फटके मारण्यास तो नकार देतो. पुढे कॅसी व एमेलीन ह्या पळालेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यासही नकार देतो आणि मारहाणीने मरतो. शेल्बीचा मुलगा जॉर्ज त्याला सोडविण्यास येतो, तो उशिरा.

केंटकी, न्यू ऑर्लीअन्स, रेड नदी हा टॉमचा मार्ग म्हणजे कापसाच्या विस्ताराचाच मार्ग होय. रेड नदीच्या वरच्या भागात शतकानुशतके अडकलेल्या ओंडक्यांचा प्रचंड बांध १८३० नंतरच्या दशकात साफ करण्यात आला आणि आगबोटींना ते खोरे खुले झाले. लेग्रीचा मळा हे जुन्या सरंजामी दक्षिणेचे चित्र नसून एका नव्या, घाईने पैसा करू पाहणाऱ्या सरहद्दीचे चित्र आहे. लेग्री मूळचा न्यू इंग्लंडचा, म्हणजे उत्तरेचा आहे, ही गोष्ट नाट्यरूपांतरांच्या प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात राहिली नाही. एमेलीनच्या विक्रीचा प्रसंगही असाच आहे. तिच्या मालकिणीचा मुलगा न्यूयॉर्कच्या एका पेढीचे देणे लागतो; त्या पेढीचा धर्मनिष्ठ भागीदार थोडा कचरतो, मात्र शेवटी लिलावाचे पैसे घेतो. ह्या दोन-चार पानांत लेखिकेने उत्तरेच्या भांडवलावर ठेवलेला आरोप पुष्कळ राजकीय पुस्तिकांहून नेमका आहे.

कादंबरीतील सर्वांत प्रभावी युक्तिवाद लेग्रीच्या मळ्यावर नसून शेल्बीच्या व सेंट क्लेअरच्या घरात आहे. लेग्रीला दुष्ट ठरविणे सोपे आहे. दक्षिणेतील कोणीही मळेवाला, मी तसा नाही, असे म्हणू शकत होता. पण शेल्बी दयाळू आहे, त्याने टॉमला मुक्त करण्याचे वचन दिलेले आहे आणि तरीही एका कर्जरोख्यापुढे ते वचन टिकत नाही. सेंट क्लेअर बुद्धिमान व सहृदय आहे. गुलामगिरीचे त्याने केलेले विश्लेषण कादंबरीत सर्वांत धारदार आहे. टॉमच्या मुक्तिपत्राची तजवीज तो सुरूही करतो. सही मात्र राहून जाते. ह्याच्या अगदी शेजारी लेखिकेने दुसरा प्रसंग ठेवला आहे. सेंट क्लेअरची व्हर्माँटहून आलेली चुलतबहीण मिस ऑफीलिया ही टॉप्सी ह्या पोरक्या मुलीचे बक्षीसपत्र आपल्या नावे आजच्या आज लिहून दे, असा हट्ट धरते. तो हसतो, पण लिहून देतो. आणि टॉप्सी वाचते. कॅसीचा गोरा पिताही मुलीला मुक्त करण्याच्या विचारात होता. तो पटकीने वारला आणि मुलगी मालमत्तेच्या यादीत गेली. मालकाचा चांगुलपणा हा कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. एक दिवाळे किंवा एक मृत्यू तो पुसून टाकतो, हे तत्त्व लेखिका प्रवचनातून न सांगता घटनांच्या पुनरावृत्तीतून सिद्ध करते. टॉमच्या मृत्यूनंतर जॉर्ज शेल्बी खुनाचा खटला भरण्याची धमकी देतो, तेव्हा लेग्री साक्षीदार कोठून आणणार, असे विचारून त्याला गप्प करतो; मळ्यावर दुसरा गोरा मनुष्य नाही व कृष्णवर्णीयाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही.

ही दृष्टी अभावितपणे आलेली नव्हती. कादंबरी खोटी आहे, ह्या आरोपास उत्तर म्हणून स्टोने ‘अ की टू अंकल टॉम्स केबिन’ (१८५३) हा आधारग्रंथ लिहिला. त्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयातील ‘राज्य विरुद्ध मान’ (१८२९) ह्या खटल्याची तिने मार्मिक चर्चा केली आहे. भाड्याने घेतलेल्या लिडिया ह्या दासीवर ती पळत असता एकाने गोळी झाडली. न्यायमूर्ती टॉमस रफिन ह्याने व्यक्तिशः खेद व्यक्त करूनही, गुलामाची आज्ञाधारकता पूर्ण व्हावयाची तर धन्याची सत्ता निरपवाद असली पाहिजे, ह्या तत्त्वावर आरोपीची शिक्षा रद्द केली. न्यायाधीश सज्जन आहे म्हणूनच निकाल भयानक आहे, असा स्टोच्या विवेचनाचा रोख आहे. ‘ड्रेड’ (१८५६) ह्या तिच्या पुढील कादंबरीत असाच एक निकाल कथेच्या केंद्रस्थानी येतो. कायद्याची इतकी स्वच्छ जाण असलेल्या लेखिकेस केवळ भावविवशतेचे लेबल लावणे न्याय्य नाही.

मात्र कथा संपवून ती वाचकाकडे वळते, तेव्हा तिचा सूर बदलतो. समारोपाच्या प्रकरणात ती वाचकांना मुख्यतः योग्य भावना बाळगण्यास, प्रार्थना करण्यास आणि पळून आलेल्यांना चर्चने आश्रय व शिक्षण देऊन पुढे लायबीरियात पाठविण्यास सांगते. तसे न केल्यास राष्ट्रावर ईश्वरी कोप होईल, असा इशाराही देते. मताधिकार, विधिमंडळ, घटनादुरुस्ती ह्यांविषयी ती जवळजवळ मौन पाळते. ह्या मौनाची कारणे तिच्या काळात आहेत. ती स्त्री असल्यामुळे तिला मत नव्हते. जिच्या कायदा करणाऱ्या पतीचे मन घरातल्या घरात पालटते, अशी मिसेस बर्ड ही म्हणूनच तिची आदर्श नागरिक आहे. ओहायओच्या सीनेटमध्ये पळपुट्यांना साह्य करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याची बाजू घेऊन घरी आलेला सीनेटर बर्ड, स्वयंपाकघरात गारठून पडलेली इलायझा पाहताच आपला कायदा स्वतःच मोडतो आणि पत्नी आपल्या वारलेल्या मुलाचे कपडे हॅरीसाठी काढून देते. प्रसंग म्हणून हा उत्कृष्ट आहे. पण कायदा त्याने मोडला. रद्द केला नाही, हेही खरे. प्रत्यक्ष इतिहासात गुलामगिरी नष्ट झाली, ती लक्षावधींच्या प्राणहानीनंतर, १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने आणि डिसेंबर १८६५ मध्ये संमत झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. ईश्वरी कोपाचा इशारा तेवढा खरा ठरल्यासारखा झाला. ४ मार्च १८६५ च्या आपल्या भाषणात युद्ध हे दोन्ही पक्षांना झालेले दैवी शासन असू शकेल, अशी कल्पना लिंकननेही मांडली.

अधिक गंभीर आक्षेप वंशविषयक धारणेसंबंधी आहे. आफ्रिकन माणूस स्वभावतःच मृदू, भाविक व सहनशील असतो आणि म्हणूनच तो ख्रिस्ती धर्माला अधिक जवळचा, असे स्टो मानते. ही स्तुती असली, तरी माणसाला त्याच्या वंशात बंद करणारीच आहे. जॉर्ज हॅरिसची तडफ व बुद्धी ती त्याच्या गोऱ्या पित्याच्या रक्ताशी जोडते; पळून जाणारे व प्रतिकार करणारे उजळ वर्णाचे आणि सोसणारा टॉम काळा, अशी विभागणी कादंबरीभर दिसते. टॉप्सीच्या विनोदात त्या काळच्या सवंग रंगभूमीचे नमुने सरळ उचललेले आहेत. शेवटी जॉर्ज व त्याचे कुटुंब लायबीरियात जाते, टॉप्सीही धर्मप्रचारक म्हणून आफ्रिकेला पाठविली जाते. मुक्त झालेल्या एकाही प्रमुख कृष्णवर्णीय पात्राचे अमेरिकेतील पुढचे जीवन लेखिकेस कल्पिता आलेले नाही. येथे लायमन बीचरच्या मध्यममार्गाची छाया स्पष्ट दिसते.

आणखी एक मौन सहसा चर्चिले जात नाही. स्टोची थोरली बहीण कॅथरिन बीचर हिने १८२९ मध्ये चेरोकी जमातीच्या हकालपट्टीविरुद्ध स्त्रियांच्या विनंतीअर्जांची मोहीम उघडली होती. ती निष्फळ ठरून १८३० चा कायदा झाला व पुढे चेरोकींना सक्तीने पश्चिमेस नेण्यात आले. लुइझिआनातील रेड नदीच्या खोऱ्यातील जमीनही कॅडो जमातीकडून १८३५ च्या तहाने घेतलेली होती. ज्या भूमीवर टॉम मरतो, ती काही वर्षांपूर्वी कोणाची होती, हा प्रश्न कादंबरीत उद्भवतच नाही. विस्ताराचा एक बळी तिने जगाला दाखविला. दुसरा तिच्या घरात चर्चिला गेला असूनही दाखविला नाही.

कृष्णवर्णीय वाचकांनी हे दोष त्याच काळी ओळखले होते. फ्रेडरिक डग्लस ह्याने कादंबरीचे मनःपूर्वक स्वागत केले, पण आपल्या लोकांना आफ्रिकेत पाठविण्याच्या कल्पनेस विरोध करून अमेरिकेतच त्यांच्यासाठी धंदेशिक्षणाची संस्था काढावी, असे मार्च १८५३ मध्ये स्टोला कळविले. मार्टिन डिलेनी ह्याने डग्लसच्याच पत्रात अधिक कठोर भूमिका घेतली : कृष्णवर्णीयांविषयी गोऱ्यांनी लिहावे आणि त्यांचे प्रश्न गोऱ्यांनीच सोडवावेत, ही रीतच त्याला मान्य नव्हती. हॅरिएट जेकब्झ हिचा अनुभव ह्या संदर्भात बोलका आहे. गुलामगिरीतून निसटलेल्या ह्या स्त्रीने आपली कहाणी लिहिण्याच्या कामी स्टोचे साह्य मागितले. स्टोने ती आपल्या आधारग्रंथात समाविष्ट करण्याची इच्छा दर्शविली. दुखावलेल्या जेकब्झने ती स्वतःच लिहिली व १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. आज ते आत्मवृत्त अमेरिकन विद्यापीठांतून स्टोच्या कादंबरीबरोबर, कधी तिच्याऐवजी, अभ्यासले जाते.

दक्षिणेत कादंबरीविरुद्ध प्रतिकादंबऱ्यांची लाट आली. मेरी ईस्टमनची ‘आंट फिलिसेस केबिन’ (१८५२) ही त्यांपैकी एक. मेरिलंडमध्ये सॅम्युएल ग्रीन ह्या मुक्त कृष्णवर्णीयास केवळ ही कादंबरी जवळ बाळगल्याबद्दल १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. १८६२ मध्ये तो सुटला. परंतु कादंबरीची खरी विटंबना तिच्या शत्रूंनी नव्हे, तर रंगभूमीने केली. १८५२ पासूनच तिची नाट्यरूपांतरे होऊ लागली व पुढे फिरत्या मंडळ्यांनी ती दशकानुदशके गावोगाव नेली. चेहऱ्याला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी टॉमचा पांढऱ्या केसांचा, वाकलेला, धन्याची मर्जी राखणारा म्हातारा केला. ‘अंकल टॉम’ ही लाचार कृष्णवर्णीयास द्यावयाची शिवी झाली, ती ह्या टॉमवरून. कादंबरीतील टॉम बळकट बांध्याचा, लहान मुलांचा बाप आहे आणि तो धन्याची आज्ञा मोडल्यामुळे मरतो. त्याचा मृत्यू दोन स्त्रियांच्या सुटकेची किंमत आहे. त्याला ख्रिस्ती हुतात्मा म्हणता येईल, पण लाचार म्हणता येणार नाही. तथापि हुतात्म्याखेरीज दुसरी कोणतीही भूमिका लेखिका त्याला देऊ शकत नाही, हा आक्षेप उरतोच.

जेम्स बॉल्डविन ह्याने १९४९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके तेथेच बोट ठेवले. स्टोची करुणा ही माणसाच्या गुंतागुंतीला भिणारी करुणा आहे. काळ्या माणसाला ती पाप धुऊन निघाल्यावरच स्वीकारू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. उलट, एडमंड विल्सन ह्याने १९६२ मध्ये यादवी युद्धाच्या वाङ्मयाचा परामर्श घेताना तिच्या पात्रांतील जिवंतपणा पुन्हा नजरेस आणला आणि जेन टॉम्पकिन्झ हिने १९८५ मध्ये असा प्रश्न केला, की भावनेच्या द्वारा जग बदलू पाहणाऱ्या स्त्रियांच्या लेखनास हीन ठरविणारे निकष कोणी घडविले. बॉल्डविनचा आक्षेप टॉमच्या बाबतीत अनुत्तरित राहतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण सेंट क्लेअर, मारी व ऑफीलिया ह्यांच्या चित्रणास तो लागू पडत नाही. गुलामगिरीचा तिटकारा असूनही टॉप्सीला स्पर्श करण्यास कचरणारी ऑफीलिया हे उत्तरेतील सुधारकाचे, म्हणजे लेखिकेच्या स्वतःच्या वर्गाचे, निर्दय चित्र आहे. गोऱ्यांविषयी लिहिताना स्टोची लेखणी फसत नाही. टॉलस्टॉयने ‘कला म्हणजे काय ?’ ह्या आपल्या ग्रंथात उच्च कलेची म्हणून जी थोडी उदाहरणे मान्य केली, त्यांत ह्या कादंबरीचा समावेश केला होता.

मराठी वाचकाला ह्या इतिहासाचे एक दूरचे पण खरे नाते आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांचा ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ तेराव्या घटनादुरुस्तीनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला आणि गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केलेला आहे. फुल्यांनी अमेरिकेतील मुक्तीकडे एक दृष्टांत म्हणून पाहिले. पण त्यांचा ग्रंथ धोंडीबा व जोतीराव ह्यांच्या संवादाच्या रूपात आहे. गांजलेल्यांच्या वतीने दुसरा कोणी बोलत नाही. ते स्वतःच प्रश्न विचारतात व उत्तरे देतात. स्टोच्या कादंबरीत टॉमला प्रार्थना करता येते, नकार देता येतो. वाद घालण्याचे काम सेंट क्लेअर करतो.

‘द मिनिस्टर्स वूइंग’ (१८५९) व ‘ओल्डटाउन फोक्स’ (१८६९) ह्या स्टोच्या न्यू इंग्लंडमधील जीवनावरील कादंबऱ्या बांधणीच्या दृष्टीने अधिक सरस आहेत. जुन्या कॅल्व्हिनवादी वळणाच्या माणसांचे, विशेषतः वृद्ध धर्मोपदेशकांचे, जे सूक्ष्म व काहीसे विनोदी चित्रण त्यांत आढळते, त्याची पूर्वसूचना मिस ऑफीलियात मिळते. १८६४ पासून स्टोचे वास्तव्य हार्टफर्ड येथे होते. तेथेच तिचे निधन झाले.